वाट वाकडी करून

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी,
दुसऱ्यावर पोलिक्सेनीचा चष्मा.
बाहेर थेसालोनिकीतला चिकट फेब्रुवारी,
आणि आम्ही बोटांनी मे महिन्यात चालतोय
पिंडोसच्या डोंगरांतून:
पाच गावं, सहा दिवस.

गावागावांत वीतभरसुद्धा अंतर नाही.
ती म्हणते, उंचीच्या रेषा बघ की,
कशा दाटीवाटीने बसल्यात.
गुडघ्यांना विचारलंयस?
गुडघे टेबलाखाली गप्प.

पहिला फोन ख्रिसाव्गीबाईंच्या खाणावळीत.
पुढच्या गावाला किती वेळ लागेल हो?
"खेचराला तीन तास.
माणसाचं काय, माणूस कसा आहे त्यावर."
मग जरा थांबून,
"येताना कानयंत्राचे सेल आणाल? बारके, पिवळ्या चिकटपट्टीचे.
आमचे हे महिनाभर नुसतं हसून
वेळ मारून नेतायत."
पोलिक्सेनी नकाशाच्या समासात लिहिते: सेल, पिवळे.

दुसऱ्या गावचा थ्रासोस, मेंढ्यांवाला.
नदी सकाळीच ओलांडा म्हणतो,
दुपारी वरचं बर्फ उतरतं, पाणी कमरेला लागतं.
कुत्रे अंगावर आले तर दगड मारू नका,
उचलायला वाकल्यासारखं करा, तेवढं पुरतं.
काही आणू का विचारलं तर म्हणाला, काही नको.
फक्त लांबूनच हाक द्या,
माझा रेडिओ मोठ्याने चालू असतो.

तिसरा नंबर जुन्या यादीतला, सहज लावून पाहिलेला.
ते गाव वाटेवर नव्हतंच,
अर्धा दिवस आत, दरीच्या कडेला.
खूप वेळ वाजला.
मग एक बाई, मागे भांड्यांचा खणखणाट:
"खोली? आहे ना. पण मी श्टुटगार्टला असते,
बेकरीत. बावीस वर्षं.
गावात आता कोणी नसतं.
किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली.
कुंडीत जिरेनियम नसेल, कुंडी असेल."

पैशांचं विचारलं तर रागावली.
"खिडक्या उघडा, दिवसभर उघड्या राहू द्या.
अक्रोड छपरावर झुकलाय का तेवढं बघा.
आणि संध्याकाळी चुलीत चार काटक्या पेटवा,
धुराड्यातून धूर निघेल एवढ्याच.
समोरच्या उतारावरून म्हातारा लियास बघत असतो,
त्याला वाटेल…"
कोणीतरी जर्मनमध्ये तिला हाक मारली.
काय वाटेल ते राहूनच गेलं.

पोलिक्सेनीने खोडरबर घेतलं.
चौथं गाव, धबधब्याचं,
ज्याचे फोटो सगळे काढतात,
फुंकर मारून तिने टेबलाखाली पाडलं.
पेन्सिलची रेघ दरीकडे वळली,
परत आली, जराशी थरथरत.

रात्री पाठपिशवी वजनकाट्यावर.
सात किलोंच्या वर नाही, असं ठरलं होतं.
तिने माझा दुसरा स्वेटर बाहेर काढला,
काड्यापेटी आत टाकली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून,
मग आणखी एक.
"ओली झाली तर?"

झोपायला जाताना तिने चष्मा उचलला.
नकाशाचा तो कोपरा आपसूक वर आला
आणि पाचवं गाव गुंडाळीत गेलं.
"ते पुढच्या वर्षी," ती म्हणाली,
माझ्या गुडघ्यांकडे न बघता.