एक वर्षानंतर

पहाटे चारला शेडमधले दिवे लागले
तेव्हाच कळलं, सगळ्यांनी बघितलंय.
पिल-सुनचे डोळे सुजलेले,
रडून नव्हे, रागानं.
हातमोजे चढवता चढवता म्हणाली,
"दोन महिने. शनिवार-रविवार. धुणं तसंच टाकून.
आणि हे?"

तोंगयोंगच्या धक्क्यावर आम्ही अठराजणी
कालवं फोडतो.
आखूड सुरी, बिजागरीत टोक, एक हिसका.
पैसे किलोवर.
बोलायला मनाई नाही,
सुरी थांबली तर नुकसान आपलंच.

तर, सोळा भाग.
पंधरा आणे नाणं कसं खणखणीत वाजत होतं.
ती धरणात बुडालेल्या गावची,
तो ते धरण बांधणाऱ्याचा मुलगा.
सातव्या भागात त्यानं तिच्या आईच्या दुकानाचं शटर रंगवलं,
रात्रभर, एक शब्द न बोलता,
आणि ग्वी-रेनं त्या दिवशी नवऱ्याला
उगाचच दोनदा भात वाढला.

सोळाव्यात काय?
म्हातारा बाप हॉस्पिटलात, नाकात नळी,
तीन मिनिटांत माफ.
निरोपाच्या ऐन क्षणी दोघं थांबून
जिनसेंगची पुडी फोडून पितात,
कंपनीचं नाव कॅमेऱ्याकडे.
मग तो अमेरिकेला. विमान. ढग.
पडद्यावर पांढरी अक्षरं:
एक वर्षानंतर.
तोच कोट, तोच पूल.
तो येतो, ती वळते, हसतात.
साठा उत्तरांची कहाणी
पाचांतच उरकून
लेखिका झोपायला गेली.

"एक वर्षानंतर,"
शिंपला ढिगावर भिरकावत पिल-सुन म्हणाली,
"त्या वर्षाचं दुकानाचं भाडं कोणी भरलं?"

कोणी हसलं नाही.
पिल-सुनचं एक वर्ष आम्हाला ठाऊक आहे.
सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस,
पहाटे इथे, दुपारी नवऱ्याला धरून बसमध्ये.
उभ्यानं झोपायला ती तिथेच शिकली.
माझंही आहे एक.
बोटीचं इंजिन विकलेलं, धाकटा पलटणीत,
सगळा हिवाळा वाळक्या मुळ्याच्या पाल्याचं सूप,
आणि त्याचा फोन आला की, हो रे, मासे आहेत घरात.
आमच्यासाठी कोणी ती अक्षरं लिहिली असती
तर आम्हीही उभ्या असतो पुलावर,
केस विंचरून, त्याच कोटात.

कालवाला विचारा.
दोरीला उलटं लटकून
घोट घोट समुद्र गाळतं,
तेव्हा कुठे चमचाभर मांस.

मग आम्हीच शेवट दुरुस्त करायला घेतला.
माक-ने म्हातारी म्हणाली, "बुडवा दोघांना.
नाहीतर धरण दाखवलंत कशाला?"
ग्वी-रे म्हणाली, लग्न नाही झालं तरी चालेल,
पण शटरला परत रंग लावताना दाखवा.
खाऱ्या वाऱ्यात वर्षभर टिकतो का कुठला रंग?
मी म्हटलं, माफी असू दे,
पण आधी त्या म्हाताऱ्याला
एक अख्खी दुपार त्या पाण्याकाठी बसवा.

न्हुंग गप्प होती.
हायफोंगहून सून होऊन आली,
भाषा शिकली ती या मालिकांवरच,
त्यामुळे भांडली की अजून राजवाड्यातल्यासारखी बोलते.
ती हळूच म्हणाली,
"पण नवव्या भागातला कुत्रा?"

सुऱ्या थांबल्या. अठराच्या अठरा.

बस स्टॉपवर भिजत होता, तिनं पदराशी
नव्हे, त्या तपकिरी स्वेटरशी धरून घरी आणला होता.
नाव ठेवलं होतं कोंग, सोयाबीनच्या दाण्याएवढा म्हणून.
दहाव्यापासून तो नाहीच.
आणि आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.
एक वर्ष. बंद दार.
वाटी कोणी भरली असेल?

दुपारी वजनाला मुकादम म्हणाला,
"काय गं, आज सगळ्यांचंच किलोभर कमी?"
"कुत्रा," माक-ने म्हणाली,
आणि पैसे मोजून घेतले.

येत्या शनिवारी नवी सुरू होतेय.
आम्ही बघणार नाही, ठरलंय.
नऊ वाजून दहा मिनिटांनी लागते, म्हणे.