सहा चित्रं, किंवा सात

वाकून या. चौकट बुटक्या माणसांनी बसवलीये.
डोक्याला कांद्यांच्या माळा लागतील, लागू द्या,
सप्टेंबरपासून त्या इथेच सुकतायत,
आणि चित्रंही.
वासाची सवय होते. तार्तूच्या एका बाईंनी नेलेलं चित्र
वर्षभर त्यांच्या जेवणघरात घमघमत होतं म्हणे.
पैसे परत मागितले नाहीत, एवढंच.

हे पहिलं. आमचं तळं, पेइप्सी.
तुम्ही विचारायच्या आत सांगते, ते अपुरं नाहीये.
जानेवारीत असंच असतं: खाली पांढरं, वर पांढरं,
आणि मधली शिवण
फक्त जाळं टाकणाऱ्यांना कळते.
परवा एका मुलानं विचारलं, सरहद्द कुठेय?
आहे ना, तळ्याच्या मधोमध. नकाशात तांबडी.
मी बर्फावर तासभर उभं राहून शोधली
आणि पायाची दोन बोटं बधिर करून परत आले.
ती दोन बोटं म्हणजे या चित्राची प्रेरणा. लिहून घ्या.

दुसरं आणि तिसरं एकाच दुपारचं.
पिवळा संपला होता. दुकान चाळीस किलोमीटर, बस गुरुवारी.
मग कांद्याची सालं उकळली,
आई ईस्टरच्या अंड्यांना द्यायची तोच रंग:
आधी चहा, मग मध, मग गंज.
प्रेरणा म्हणजे पुष्कळदा
गुरुवारपर्यंत थांबायचा कंटाळा.

चौथ्यातला पाठमोरा माणूस येव्सेय, सामोवर दुरुस्त करतो.
म्हणाला, माझं तोंड काढू नकोस,
तोंड फक्त संतांचं काढायचं असतं.
म्हणून मान काढली. अख्खा मे त्या मानेत गेला.
भाजलेली, आडव्या भेगांची,
कुणी नांगरून ठेवली आणि पेरायचं विसरलं, अशी.
आता रस्त्यात भेटला की आधी पाठ फिरवतो,
विचारतो, बघ, अजून जुळतंय का?

पाचवं नका पाहू. पाचवं वाईट आहे.
भिंतीला तिथे भोक होतं, वारा यायचा,
त्यावर ते मापाचं बसलं.

आणि हे हिरवं.
काय दिसतं? लोक गवत म्हणतात.
समुद्र न पाहिलेले समुद्र म्हणतात.

यात हातमोजे होते. मकारचे.
मनगटाशी मेंढीची लोकर, उजव्याचा अंगठा तारेनं शिवलेला.
गेल्या वर्षी मार्चच्या बर्फावर गेला तेव्हा
तो ते चुलीपाशी विसरला होता.
फ्योक्लानंच मला आणून दिले, काढ म्हणाली.
चित्र झालं, आणि ती रोज यायला लागली,
माळा ओवायच्या निमित्तानं, त्या तिथल्या स्टुलावर.
बोलायची फक्त भावाबद्दल. म्हणजे कांद्याच्या भावाबद्दल.
तीन आठवडे गेले. मग एकदा सुई खाली ठेवून म्हणाली,
अकुलिना, यांत हात आहेत गं.
पुसून टाक.

तार्तूच्या शाळेत चार वर्षं खूप काही शिकवलं,
हे नाही शिकवलं.
चांगलं झालं होतं ते. इतकं चांगलं
मला आधी कधी जमलं नव्हतं,
आणि हे मी तिला सांगितलं नाही.
रुंद ब्रश घेतला. होडीला लावतात तो हिरवा उरला होता.
डबा तिनं धरला.

आता उजेड तिरपा आला की, चारच्या सुमाराला,
उजव्या अंगठ्यापाशी रंग किंचित उचललेला दिसतो.
नाही, आत्ता नाही दिसणार, ढग आहेत.

फ्योक्ला अजून येते. हिरव्याकडे पाठ करून बसते,
कांदे मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
चारच्या आधी उठून जाते.
कधीकधी नाही जात.

हे विकायचं नाहीये, तुम्ही किंमत विचारू नका.
पाचवं हवं तर न्या. स्वस्तात देते,
वाऱ्याचं मी बघीन.