थंडी मोजणारे

ओउलूच्या प्रयोगशाळेत तळघरात एक खोली आहे,
कायम पाच अंशांवर.
तूलिक्की राउतिओला तिथे लोकरी टोपी घालून
ट्रेमधली रोपं मोजते.
मोहरीच्या गोतातलं तण ते, नखाएवढं,
फुकट दिलं तरी कुणी नेणार नाही.

त्याच्या प्रत्येक पेशीत एक जनुक बसलंय
एकच शब्द घोकत: नको.
फुलू नको. अजून नको.
दिवसरात्र त्या नकाराच्या नकला निघतात
आणि रोप मुकाट पानांवर पानं काढत राहतं.

मग थंडी येते.
थंडीला हात नसतात. हात असतात
चार-पाच प्रथिनांच्या एका टोळक्याला,
सुटी सुटी कुचकामी, जमली की वस्ताद.
डीएनए गुंडाळलेल्या रिळाची शेपटी धरायची,
सत्ताविसाव्या मण्यावर तीन खुणा ठोकायच्या.
इतकंच.

मला वाटायचं, नकार हळूहळू बारीक होत असेल,
रेडिओची कळ फिरवल्यासारखा.
तिने भिंगाखाली मूळ ठेवलं:
एक पेशी निळी, शेजारची कोरी, पुढच्या दोन निळ्या.
"अर्धवट कुणीच नसतं," ती म्हणाली.
"आमच्या गावासारखं. एकेक घर दिवा मालवतं.
रात्र किती झाली,
ते काळ्या खिडक्या मोजून कळतं."

सहा आठवडे.
मग ऊब, लांबलचक उजेड;
ठिपक्याएवढी खूण जनुकभर पसरते.
पेशी दुभंगली की दोघी लेकींना निम्म्या निम्म्या खुणा,
राहिलेल्या टोळकं भरून काढतं.
ज्यांनी हिवाळा पाहिलाच नाही
त्या पेशीही तो पाळतात.

फूल तिळाएवढं. पांढरं.

तिचे वडील, एवर्ट, राय पेरायचे शरदात
आणि खुशाल बर्फाखाली जाऊ द्यायचे.
"वसंतात पेरलीस तर नुसतं गवत," एवढंच सांगायचे.
चार वर्षांचे होते ते,
घरचे सीमेपलीकडचं घर सोडून निघाले तेव्हा,
एक गाय घेऊन.
त्यावर कधी अवाक्षर नाही. शेवटच्या दुखण्यातही नाही.

मी विचारलं, मग यांच्या बियांना
हा हिवाळा ठाऊक असेल?

"छे. बी धरताना सगळ्या खुणा पुसल्या जातात.
नको पुन्हा पहिल्यापासून."
दातांनी हातमोजा ओढून तिने ट्रेवर तारीख लिहिली.
"ज्याचा त्याने मोजायचा."

साडेतीन वाजले होते, बाहेर मिट्ट काळोख.
जिन्यात ती एकदा थांबली,
गाईचं नाव आठवतंय का बघत.