पसाभर नाचणी

टोलिडोत नाव बदलायचं कोर्ट
आणि मृत्युपत्रं उघडायचं कोर्ट एकच आहे.
एकाच बाकावर बसलो होतो आम्ही,
मी, आणि काळ्या कोटातली दोन भावंडं,
बापाच्या घरावरून एकमेकांशी न बोलणारी.
बाहेर मॉमी नदी काठाकाठाने गोठलेली.

फॉर्मवर सध्याचं नाव: धोंडू बाबाजी पाष्टे.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी डॉन होतो.
पगाराच्या चेकवर मधलं अक्षर बी,
त्या एका अक्षरात बाबाजी अंग चोरून बसायचे.

आईचं नाव यमुना. म्हणजे यमाची सख्खी बहीण.
तीन वेळा तिने ताट केलं,
तीनही वेळा भावाने ओवाळणी घालायची सोडून
ताटातलंच उचलून नेलं.
जयवंत, दोन महिने.
कुसुम, होळीपासून दसऱ्यापर्यंत.
तिसऱ्याचं बारसंसुद्धा झालं नाही.
चौथ्या वेळी तिने ताटात धोंडा ठेवला.
जन्मल्याजन्मल्या मला उकिरड्यावर ठेवलं,
सुईणीने उचललं,
आणि आईने पसाभर नाचणी देऊन
मला तिच्याकडून विकत घेतलं.
दगड कोण नेतो?
शाळेत मास्तर नाव वाचायचे, पोरं फिदीफिदी हसायची,
मी हजर म्हणायचो.
हजर असणं, एवढंच तर त्या नावाचं काम.

नातवाने परवा अर्थ विचारला. म्हटलं, दगड.
तो म्हणाला, मस्त! पैलवानाचं शोभेल.

कायद्याप्रमाणे पेपरात नोटीस दिली,
जुने टायर आणि हरवलेलं मांजर यांच्या मधे चार ओळी:
कुणाची हरकत असल्यास अमुक तारखेला यावं.
मंदाकिनी म्हणाली, माझी आहे हरकत.
तुमचं नाव उखाण्यात बसवायला दोन रात्री जागले होते,
तरी मांडव हसला तो हसलाच.
आता या वयात नवा जमायचा नाही.
सकाळी कोटाला इस्त्री मात्र तिनेच केली.

जज्जबाईंनी उजवा हात वर करायला लावला.
कुणाचं कर्ज बुडवण्यासाठी तर नाव बदलत नाही ना?
हात हवेतच राहिला.
सुईणीची ती नाचणी
आईने तेव्हाच दिली होती,
की सुगीवर उधार ठेवली होती?
विचारायला आता तिकडे कुणी नाही.
नाही, म्हणालो. शपथेवर.

मग कशासाठी? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
खासगी कारण आहे, मी इंग्रजीत सांगितलं.
मराठीत असतं तर बोललो असतो:
बाईसाहेब, बहात्तर झाली.
आता तो मामा नाव विचारत येणार नाही,
पत्ता विचारत येईल, आणि पत्ता बरोबर आहे.
दारात उभं राहून त्याने दगडाला हाक मारावी,
बरं दिसत नाही ते.
शिवाय थोरल्याचं नाव पडूनच आहे.
दोन महिन्यांत नुसती घडी मोडली होती.
थोरल्याचे कपडे धाकट्याने घालायचे,
आमच्याकडे रीतच आहे तशी.

नवं नाव: जयवंत यमुना पाष्टे.
बाबाजींना म्हटलं, जरा सरका.

शिक्का पडला.
खिडकीतल्या मुलीने मोठ्याने वाचलं: जेवंत.
जिवंत म्हणायची एका वेलांटीने हुकली.
प्रती किती?
पासपोर्ट, पेन्शन, बँक, विमा. चार.
पाच द्या, म्हणालो.
पाचवी कुठे लागते, तिने विचारलं नाही.

घरी पोचलो तर स्वयंपाकघरातूनच ओरडली,
बेचाळीस वर्षांच्या त्याच नावाने,
अहो, बूट बाहेर काढा,
बर्फ आणताय आत.