कागद आडवा करून वाच

व्हरमाँट, मार्च १८४३

प्रिय ऑरिन,
सगळं एकाच कागदात बसवते आहे.
दुसरा घातला की टपाल दुप्पट,
आणि पंचवीस सेंट मोजायचे तुलाच, तिकडे जॉर्जियात.
तेव्हा आधी सरळ वाच. मग कागद आडवा कर.

लाल गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर चांद.
थँकफुलला गोवर येऊन गेला, डोळे अजून चिकटतात.
अंडी आठ सेंट डझन.
विहिरीचा दोर पुन्हा गोठला,
बाबांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून सोडवला
आणि शिव्या घातल्या डीकन पेट्टीबोनना,
दोर त्यांच्या दुकानातला म्हणून.
आई तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणते आहे.
मी म्हटलं, तिकडे कुठली थंडी.
ती म्हणाली, पाय सगळीकडे गारठतात.

आता फिरव कागद.
या ओळी त्या ओळींवरून जातात,
गायीच्या पाठीवरून, थँकफुलच्या डोळ्यांवरून.
जपून वाच, नाहीतर दोन्ही लागायच्या नाहीत.

तुझं लग्नाचं पत्र बाबांनी जेवणाआधी मोठ्याने वाचलं.
सासऱ्यांनी काय काय दिलं ते तू लिहिलं होतंस:
चांदीचे सहा चमचे, दांडीवर वेलबुट्टीतलं 'टी'.
एक खेचर, नाव मेजर, डावीकडून गेलं की लाथ मारतं.
एक मुलगी, वय सुमारे बारा, निरोगी.
पिसांची गादी.

बाबा थांबले. चष्मा पुसला.
पुढचं, हवामानाचं, मनातच वाचलं.
त्या दिवशी बटाटे ताटातच गार झाले.

मी भाषण देत नाहीये, ऑरिन.
भाषण द्यायला गेल्या महिन्यात एकजण आला होता,
सभागृहाच्या दारातच त्याच्यावर अंडी फेकली.
कुणी? ज्यांच्या बागेतली सफरचंदं तू चोरायचास, त्यांनीच.
आठ सेंट डझनाची अंडी!
आणि आम्ही तरी कोण मोठे संत.
मी दोन वर्षं गिरणीत कातला
तो कापूस तुमच्याच बाजूचा होता,
त्याच पगारातून गेली तुझ्या शाळेची फी.
इथे शाईचा डाग पडलाय. राहू दे.

मला एवढंच विचारायचंय.
चमच्यावरचं अक्षर लिहिलंस.
खेचराचं नाव लिहिलंस.
तिचं?

थँकफुलला जूनमध्ये बारावं लागेल.
तापात तिला रात्रभर आईच हवी होती,
मी पाणी दिलं तर तोंड फिरवायची.
त्या मुलीला ताप आला
तर ती कुणाला हाक मारते,
आणि ती हाक किती मैलांवर ऐकू जायला हवी?

हंसन काकांचा पुतण्या सॅव्हानाला निघालाय,
त्याच्याबरोबर मेपलची साखर पाठवते.
आम्ही चहात आता हीच घालतो.
काळपट आहे, धुराचा वास येतो,
पण हिच्यापायी भाजला तो फक्त माझा हात.

आई म्हणते, हे सगळं लिहू नको,
तो पत्रं टाकायचंच बंद करील.
म्हणते, आणि विणत राहते.
मोज्यांचे आता दोन जोड झालेत.
दुसरा लहान आहे.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

टपाल आणायला तू बहुतेक तिलाच धाडशील.
मुठीत पंचवीस सेंट, दोन मैल लाल माती.
तिला वाचायला शिकवणं तिकडे गुन्हा आहे,
तूच लिहिलं होतंस, आपण नवीन बंब घेतला त्या वर्षी.
म्हणजे हा कागद तिच्याच खिशातून तुझ्याकडे येईल,
वाटभर तिचंच नाव विचारत,
आणि तिला वाटेल,
मालकांच्या घरचं असेल काहीतरी,
गायीबियीचं.

तुझी बहीण,
फिलुरा