सतरा नंबर

बाहेर त्रेचाळीस. आत बावीस.
वीज गेली की आमच्या कॉलेजात जनरेटर
आधी उंदरांच्या खोलीला लागतो,
प्राचार्यांच्या केबिनला नंतर.

पहिल्या दिवशी मी कानांना भोकं पाडली.
डाव्या कडेला एक म्हणजे एक,
उजव्या कानाच्या मध्यावर म्हणजे दहा.
अठ्ठेचाळीस उंदीर, शहाण्णव कान.
हात थरथरला नाही तेव्हा आई म्हणाली,
घराण्यातच आहे ते.
अप्पा जन्मभर जकार्डची कार्डं पाडायचे:
पुठ्ठ्याला भोक असेल तिथं दोरा वर येतो,
नसेल तिथं खालीच राहतो,
आणि एवढ्याशा हो-नाहीतून
चादरीवर मोर उभा राहतो.

मग कोंबडीच्या कूर्चेतलं थोडं प्रथिन
शेपटीच्या मुळाशी. एकविसाव्या दिवशी परत.
परकं आलं म्हणून शरीर धावतं,
त्याचा चेहरा पाठ करतं,
आणि तोच चेहरा एक दिवस
आपल्याच गुडघ्यात बसलेला सापडतो.

आई बसमध्ये, सिव्हिलच्या रांगेत
कुणाशीही बोलायच्या आधी आडनाव विचारते.
येमूल? गाजंगी? मग हळूच तेलुगूत,
मनोळ्ळेना? आपल्यातलेच ना?
तिचा अंदाज कधी चुकलेला मी पाहिला नाही.
रोज हजार विड्या वळणारी तिची बोटं
आता सकाळी दहापर्यंत मिटत नाहीत.
रक्ताचा रिपोर्ट तिला मी वाचून दाखवला,
समजावता मात्र आला नाही.

अप्पांची एकदा चार कार्डं उलटी ओवली गेली.
नऊ चादरी विणून झाल्यावर मालकाच्या लक्षात आलं:
मोराची चोच वळून स्वतःच्याच मानेत.
पगार कापला. माल घरी पाठवला.
आठ चादरी नात्यात गेल्या,
नववी आईच्या खाटेवर आहे.
सूत पक्कं आहे, रंग अजून गेला नाही.

मी रोज कॅलिपरनं पंजे मोजते.
एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक चार.
एक बोट सुजलं तर गुण एक, सगळा पंजा तर चार.
औषधाच्या बाटल्यांवर अ, ब, क, ड एवढंच.
कशात काय, ते सरांच्या कपाटातल्या लखोट्यात.
मोजणाऱ्यानं आशा धरू नये म्हणून.

तिसाव्या दिवशी सतरा नंबरचे गुण अकरा.
वरच्या जाळीतलं खाणं गाठता येईना,
मी गोळ्या भिजवून खाली ठेवल्या
(ते नियमातच आहे, माझी माया नव्हे).
अडतिसाव्या दिवशी तो जाळीला उलटा लटकून
दाणा कुरतडत होता.

घरी जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं.
काय दिलं त्याला?
माहीत नाही.
नुसतं पाणीसुद्धा असेल?
असेल.
मग मला ते पाणी आण की, म्हणाली,
आणि शुक्रवारच्या पिवळ्या गोळ्या
तळहातावर मोजायला लागली.

बेचाळिसाव्या दिवशी अभ्यास संपतो.
सुजलेले, न सुजलेले, बरे झालेले,
सगळ्यांचाच संपतो.
मी वहीत वेळ लिहिली. घोटे बरण्यांत घातले,
झाकणांवर नंबर टाकले.
सतराव्या बरणीला इतरांइतकाच वेळ लागला.

विडी घरकुलात पोचले तर लाइट गेलेली.
आई अंधारात चादरीवर बसून
अंगठ्यानं मोराची मान चोळत होती,
तिथला दोरा जरा उचललेला आहे.
सतरा नंबर कसा आहे?
पळतो, म्हटलं.

थोडा वेळ शेजारचा पंखाही ऐकू येईना.
मग तिनं विचारलं,
आडनाव काय गं त्याचं?