सात मिनिटं पुढे

रोझविता स्वयंपाकघरातलं घड्याळ
सात मिनिटं पुढे ठेवायची.
एकतीस वर्षं.
फोल्कमारची पाळी पहाटे सहाची,
रामेल्सबर्गच्या खाणीत माणसांचा पाळणा
खाली सोडायचं, वर ओढायचं काम त्याचं.
ज्याच्या हातात दोर, त्याने उशीर करायचा नसतो,
एवढंच ती म्हणायची.
घड्याळ खोटं बोलतंय हे त्याला ठाऊक होतं.
तरी रोज पळायचा,
दातांत पावाचा तुकडा,
एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा बाही शोधत.

खाण बंद झाली, घड्याळ पुढेच राहिलं.
मग ती गेली.
दफनानंतरच्या कॉफीला भाच्याचं कोपर लागलं
आणि घड्याळ फरशीवर.
त्यात गूढ काही नाही. भाचा धिप्पाड आहे.

हाइकेने ब्रेमेनहून नवं पाठवलं,
पांढरं, प्लॅस्टिकचं, रेडिओवर चालणारं.
'बाबा, याला हात लावू नका. याला सगळं कळतं.'

कळतं खरं.
दूर दक्षिणेला माइनफ्लिंगेनच्या शेतात
मनोऱ्यांवर तारा ताणल्यात,
तिथून एक लांब लहर निघते
आणि गोस्लारच्या पाटीच्या भिंतींतून आत झिरपते.
दर सेकंदाला तिचा आवाज क्षणभर खाली बसतो.
सेकंदाचा दहावा भाग बसला, तर शून्य.
पाचवा भाग बसला, तर एक.
एवढ्या दोन अक्षरांत
तास, वार, तारीख, साल.
एकोणसाठाव्या सेकंदाला मात्र तो बसतच नाही.
त्या न झालेल्या खुणेवरून
घरोघरची घड्याळं ओळखतात,
आता मिनिट उलटणार.
आणि लहर जे सांगते
ते नेहमी येणाऱ्या मिनिटाचं असतं,
हे माहितीपत्रकात वाचून
फोल्कमारने चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
म्हणजे एक मिनिट तरी पुढचं.
बाकीची सहा आपण बघू.

त्याने काटे सात मिनिटं सरकवले.
सकाळी ते जागेवर.
पुन्हा सरकवले. पुन्हा जागेवर.
पाचव्या रात्री तो दोन वाजता उठून बसला,
दिवा न लावता.
काटे आपणहून फिरत होते,
वहीतली चूक खोडणाऱ्या मास्तरासारखे,
रागावून नव्हे,
नुसतं सवयीने.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात होतं:
धातूजवळ ठेवू नये.

रोझविताचा बिस्किटांचा डबा,
झाकणावर घसरगाडी आणि रंग उडालेली दोन मुलं,
आत बटणं.
बटणं त्याने सूपच्या वाडग्यात ओतली,
घड्याळ सात मिनिटं पुढे केलं,
डब्यात ठेवलं, झाकण दाबलं.
कान धरून बसवल्यासारखं ते आत टिकटिकत राहिलं.
वेळ बघायची तर दर वेळी झाकण उघडायचं.
लहर आत शिरायच्या आत मिटायचं.
हाइके फोनवर विचारते, 'घड्याळ नीट चालतंय ना?'
'एकदम नीट,' तो म्हणतो, आणि डब्यावर हात ठेवतो.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
रात्री तीन वाजता सगळा देश एक तास मागे आला.
स्टेशनांवरची घड्याळं, शाळांची, दवाखान्यांची,
शेजारच्या श्रीमती ओल्डेकोप यांच्या ओट्यावरचंही.
डब्याला हे कुणी कळवलं नाही.
फोल्कमारला जाग आली, त्याने झाकण उघडलं.
सहाला तीन कमी.
बाहेर, बाकीच्यांकडे,
पाचला दहा मिनिटं होती.

कोट कपाटात. पाव कालचा.
त्याने कॉफी टाकली, दोन माणसांची,
मग एकाची ओतून दिली.
फोन कानाला लावून वेळ सांगणारा आवाज ऐकला,
डब्यात डोकावत, ओठ हलवत, सेकंद मोजले.
एक तास, सात मिनिटं,
आणि वर अकरा सेकंद.
ही अकरा कुठून आली?
कुणी सांगणारं नसलं की क्वार्ट्झ थोडं आपल्या मनाने चालतं,
हे माहितीपत्रकात नव्हतं.

त्याने झाकण लावलं नाही.
खिडकीशी बसून पाव चावत राहिला,
बाहेर अजून अंधार,
आणि डब्यातला सेकंदकाटा
उघड्यावर, एकेक पाऊल टाकत.